गायी गेल्या, पैसे अडकले. आता नात्यात तोंड कसं उघडू?

सांगोला तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. वैशाखात चारा विकत घेणं परवडेना म्हणून त्यांनी दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी विकल्या. एक दुसऱ्या वेताची दुभती, दुसरी गाभण. व्यापारी आणला मालकांच्या दाजींनी. सौदा गोठ्यावरच 1 लाख 60 हजारांना ठरला. 25 हजार इसार फोनपेवर आला. 50 हजारांचा चेक ताईंच्या नावानं मिळाला, कारण डेअरीचं खातं त्यांच्या नावावर आहे. पण 'मी सांगेपर्यंत टाकू नका' असं व्यापाऱ्यानं बजावलं. उरलेले 85 हजार आठ दिवसांत द्यायचे होते. आता चेकवरच्या तारखेला दोन महिने होत आले. व्यापारी कधी फोन उचलतो, कधी नाही. 'माझेच पुढे अडकलेत' म्हणतो. गायी विजापूरकडच्या एका गोठ्यात आहेत असं कळल्यापासून मालक म्हणतायत, चार पोरं घेऊन जातो आणि सोडून आणतो. दाजींना काही बोलावं तर नणंदेच्या घरात वाकडं येईल ही भीती. आणि परवा व्यापाऱ्याचाच निरोप आला : दावणीची कालवडही देऊन टाका, सगळे मिळून एकदम देतो. ताई विचारतात, "कागद काहीच नाही. सौदा पुरुषांनी केला. मी मध्ये बोलावं का, की गेले पैसे म्हणून गप्प बसावं?"

ताई, गप्प बसू नका. आणि कालवड देऊ नका.

कालवडीचं आधी सांगते, कारण त्या निरोपाला उत्तर द्यायची वेळ आजच-उद्या येईल. मागचे पैसे थकलेले असताना 'अजून एक जनावर द्या, मग सगळे देतो' असं म्हणणारा माणूस तुमचे पैसे परत करण्याच्या वाटेवर नसतो. कालवड विकून त्याच्या हातात रोकड येईल, त्यातून तो दुसऱ्या कुणाचं तरी तोंड बंद करेल आणि तुमची बाकी वाढेल. उत्तर साधं द्या : मागचा हिशेब पुरा झाल्याशिवाय गोठ्यातलं काही निघणार नाही. कारणं सांगत बसू नका. कारण सांगितलं की त्यावर घासाघीस सुरू होते.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे चेक. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. 'मी सांगेपर्यंत टाकू नका' हे वाक्य पुष्कळदा याच तीन महिन्यांसाठी बोललेलं असतं. मुदत टळली की तो चेक बँकेत चालत नाही, आणि चेकच्या जोरावर जे करता आलं असतं तेही हातातून जातं.

तुम्ही लिहिलंय, कागद काहीच नाही. मला तुमचं पत्र वाचताना नेमकं उलटं दिसलं. तुमच्याकडे चेक आहे, त्यावर त्याची सही आहे. 25 हजार त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याची नोंद आहे. त्या दिवसापासून डेअरीच्या पावत्यांवर तुमचं दूध एकदम उतरलेलं दिसेल. गायींच्या कानात 12 अंकी बिल्ला असणार. तो नंबर कुणाच्या नावावर चढलेला आहे हे जनावरांच्या दवाखान्यात विचारता येतं. गाडी आली, गायी चढवल्या, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं. आणि मध्ये बसलेले दाजी आहेत. विक्रीचा करार तोंडीही होतो, कायद्याला तो मान्य आहे. लेखी नसेल तर शाबित करायला कष्ट पडतात, एवढंच. ते कष्ट आतापासून घ्या.

कसे, तर व्यापाऱ्याला एक मेसेज पाठवा. त्यात राग नको, शिव्याशाप नकोत, फक्त हिशेब : "आमच्या दोन गायी तुम्ही 1 लाख 60 हजारांना नेल्या. 25 हजार मिळाले. 50 हजारांचा चेक दिला आहे. 85 हजार बाकी आहेत. कधी देताय ते कळवा." त्यावर तो "होय वहिनी, महिनाअखेर बघतो" एवढं जरी टंकला, तरी बाकी कबूल केल्यासारखं झालं. ते मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. येताजाता चार-पाच हजार देऊ लागला तर घ्या, पण रोख न घेता खात्यावर मागा. मालाची किंमत वसूल करायला दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पैसे द्यायची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, ठरली नसेल तर माल दिल्यापासून. त्या मुदतीत त्यानं बाकी लेखी सहीनिशी कबूल केली, किंवा काही रक्कम दिल्याची त्याच्या हातची नोंद राहिली, तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. 'सगळं मिळालं' असं लिहिलेल्या कशावरही मात्र सही करू नका, निम्मे पैसे समोर मोजून ठेवले तरी.

आता चेकचं. चेक टाकण्याआधी त्याला दिवस सांगा : अमुक तारखेला मी चेक बँकेत भरणार आहे, खात्यात पैसे ठेवा. माणुसकी म्हणून एवढं पुरेसं आहे. तो 'थांबा' म्हणाला तरी ठरल्या दिवशी भरा. वटला तर 50 हजार आले. परत आला तर बँक एक मेमो देईल, त्यावर कारण आणि तारीख असते; तो जपून ठेवा. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस जायला हवी, वकिलामार्फत आणि पोस्टाची पोच राहील अशी. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार करायची. चेकसारख्या कागदांचा जो पराक्राम्य संलेख कायदा आहे, त्याच्या कलम 138 चा हा रस्ता. यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि खटला चालू असताना कोर्ट त्याला 20 टक्क्यांपर्यंत रक्कम आधी भरायलाही लावू शकतं. तारखांत चुकलात तर मात्र चांगली केस हातची जाते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

यात तुमच्या बाजूच्या दोन गोष्टी आहेत. एक, मुळात फसवायचाच हेतू होता हे इथं सिद्ध करावं लागत नाही. देणं होतं, त्यासाठी चेक दिला, तो परत आला, नोटिशीनंतरही पैसे दिले नाहीत, एवढं दाखवायचं असतं. दोन, 2015 च्या दुरुस्तीपासून ही तक्रार तुमच्या खात्याची बँकशाखा जिथं आहे तिथल्या कोर्टात चालते. तुमचं खातं सांगोल्यात असेल तर व्यापाऱ्याला सांगोल्याला यावं लागेल, तुम्हाला त्याच्या गावी खेटे घालावे लागणार नाहीत.

मालकांना मात्र आज रात्रीच बसवून सांगा की चार पोरं घेऊन जायचं नाही. त्यांचा संताप मला समजतो. ज्या गायीला वासरापासून वाढवलं ती दुसऱ्याच्या दावणीला, आणि पैसे नाहीत. पण त्या गोठेवाल्यानं व्यापाऱ्याला रोख मोजून गायी घेतल्या असतील, यातलं त्याला काही ठाऊकही नसेल, तर कायदा बहुतेक वेळा त्याच्या बाजूनं उभा राहतो. तिथं जाऊन गायी सोडल्या तर चोरीचा, मारामारीचा गुन्हा तुमच्या माणसांवर दाखल होईल. आज तुम्ही फिर्यादी आहात, उद्या आरोपी व्हाल, आणि बुडवणारा बाहेर बसून तमाशा बघेल.

इथंच मला सगळ्याच वाचकांशी थोडं बोलायचं आहे, कारण अशी पत्रं वेगवेगळ्या गावांतून येतात आणि सगळ्यांची गाठ एकाच जागी बसलेली असते.

रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जे उभे राहिलेत त्यांनी हे पाहिलेलं आहे. दलाल दोघांचे हात धरतो, वरून रुमाल टाकतो. आत बोटं दाबून भाव सांगितला जातो. विकणारा मान हलवतो, घेणारा हात काढून घेतो, दलाल पुन्हा ओढून आणतो. शेवटी एकदा दोघांची मान डोलते, आणि दुसऱ्याच क्षणी कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. रुमालाची पद्धत भाव गुपित ठेवण्यासाठी चांगली आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. पण तोच गुपित भाव नंतर 'एवढा ठरलाच नव्हता' म्हणायला कामी येतो. म्हणून सौदा रुमालाखाली होऊ द्या, पण ठरला की आकडा चारचौघांत मोठ्यानं बोला. इसार किती, बाकी किती, कधी, हेही बोला.

आणि कासरा देण्याची घाई करू नका. माल विक्रीच्या 1930 च्या कायद्यात, उधारीचा वायदा केला नसेल तर पैसे पूर्ण मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क विकणाऱ्याला आहे. पण हा हक्क माल ताब्यात असेपर्यंतचाच. कासरा दिला की तो हक्क गेला. मग तुम्ही विकणारे राहत नाही, बिनव्याजी उधार देणारे होता, तेही ज्याचा धड पत्ता माहीत नाही अशा माणसाला. सिद्धेश्वर यात्रेतला किंवा कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा बाजार एकदा उठला की कर्नाटकातून आलेला व्यापारी शोधायचा कुठं?

रविवार असतो, बँक बंद असते, ही सबब आता टिकत नाही. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही, रात्रंदिवस चालते. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण 1 लाखाची असते, म्हणून 'लिमिट संपलं' हे खरंही असू शकतं. मग उरलेले एनईएफटीनं पाठवायला सांगा आणि तोवर चहा पीत बसा. पैसे आल्याचं त्याच्या मोबाईलवरच्या फोटोवरून मानू नका, आपल्या खात्यात जमा झालेले बघा. रोखीनं घेणार असाल तर नोटा तिथंच मोजा. मात्र एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, प्राप्तिकर कायद्यात दंड घेणाऱ्याला होतो आणि तो तेवढ्याच रकमेचा असू शकतो.

उधारी द्यायचीच वेळ आली, आणि ती येते हे मला ठाऊक आहे, पाऊस लांबलेला असतो, चारा संपलेला असतो, दुसरं गिऱ्हाईक नसतं, तर सगळी जनावरं एका गाडीत चढवू नका. एक द्या. तिचे पैसे आले की दुसरी. वहीच्या कागदावर लिहून घ्या : बिल्ल्याचा नंबर, रंग, कितवं वेत, गाभण असेल तर कितवा महिना, ठरलेली किंमत, मिळालेले, बाकी, तारीख, गाडीचा नंबर. घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, आधारची झेरॉक्स. घेणारा गायीजवळ उभा आहे आणि बिल्ल्याचा नंबर वाचता येतो, असा एक फोटो काढा. दवाखान्यातली मालक बदलल्याची नोंद शेवटचा रुपया आल्यावरच करा.

'कागद मागितला तर दाजींना काय वाटेल' असं तुम्ही लिहिलंय. तुमच्यासारखंच पुष्कळांना वाटतं की लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. पण ज्याच्या मनात पैसे द्यायचेच आहेत त्याचं कागदानं काय बिघडतं? उलट तब्येत बिघडली, अपघात झाला, माणूसच गेला, तर त्याच्या घरच्यांना देणं नेमकं किती ते कळतं. नात्यातला माणूस मध्ये असेल तर कागद जास्तच हवा, म्हणजे उद्या भांडण आकड्यावरून होत नाही.

व्यापारी म्हणतो त्याचे पैसे पुढे अडकलेत. खोटंच असेल असं मी म्हणणार नाही. हा सगळा धंदा उधारीच्या साखळीवर चालतो. गोठेवाला व्यापाऱ्याला थकवतो, व्यापारी शेतकऱ्याला. पण त्याच्या धंद्याला भांडवल पुरवायचं काम तुमचं नाही. खरोखर अडचण असेल तर कुणाकडे किती अडकलेत ते सांगू दे, हप्ते बांधून लिहून देऊ दे. हप्ते लिहून द्यायला जो तयार होतो त्याच्याशी सबुरीनं घ्या. त्यालाही जो तयार होत नाही त्याला तुम्ही आधीच जास्त वेळ दिलाय.

पोलिसांत जावं का? नुसते पैसे थकले म्हणून गुन्हा होत नाही; सुरुवातीपासूनच बुडवायचं मनात होतं, असं दिसावं लागतं. ते एका व्यवहारातून दिसणं अवघड, चार-पाच व्यवहारांतून सोपं. म्हणून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर चौकशी करा. हाच माणूस, हीच पद्धत, थोडा इसार आणि 'टाकू नका' म्हणून चेक, असं आणखी काही घरांत निघालं तर सगळे मिळून तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

गोठ्यावरचा सौदा आपल्याला सोयीचा वाटतो, गाडीभाडं वाचतं, गायीला बाजारात तासन् तास उभं करावं लागत नाही. पण त्यात मध्ये कुणीच नसतं. बाजार समितीच्या आवारात सौदा झाला तर निदान पावती फाटते, आणि व्यापाऱ्याला पुढच्या बाजारी तिथंच तोंड दाखवायचं असतं, म्हणून समितीकडे केलेल्या तक्रारीला वजन असतं. समित्यांनी आणखी पुष्कळ करायला हवं, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेत 1921 पासून जनावरांच्या बाजारासाठी वेगळा कायदा आहे. त्यात पुढे अशी तरतूद झाली की खरेदीदारानं खरेदीनंतरच्या लगेचच्या कामाच्या दिवसाअखेर पैसे द्यायलाच हवेत. डिसेंबर 2020 मध्ये तर तिथं मोठ्या व्यापाऱ्यांसाठी असं ठरलं की विकणाऱ्याचे पैसे चुकते होईपर्यंत घेतलेली जनावरं आणि त्यांच्या विक्रीतून येणारा पैसा त्याच्यासाठी राखीव धरायचा. आपल्याकडे समितीत निवडून जाणारी माणसं आपल्याच गावातली असतात. मतं मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा की जनावरांच्या व्यापाऱ्याकडून अनामत घेता का, आणि बुडवणाऱ्याचं लायसन्स थांबवता का.

आता दाजींचं. तुम्ही त्यांना गुन्हेगार म्हणून समोर बसवायचं आणि नणंदेचं घर मोडायचं, असा एकच रस्ता नाही. त्यांच्याकडून पैसे मागू नका, साक्ष मागा. "दाजी, व्यापारी तुम्ही आणलात, सौदा तुमच्यासमोर झाला. काय ठरलं ते एका कागदावर लिहा आणि आमच्यासोबत त्याच्या घरी चला." एवढंच. त्यांनी दोन्हीकडून दलाली घेतली असेल तर ती घेतल्याचंही लिहू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'मी बसलोय ना मध्ये, पैसे बुडाले तर माझ्याकडून घ्या' असं ते त्या दिवशी बोलले असतील तर ती तोंडी हमी होते आणि कायद्यात तोंडी हमीही धरली जाते. हे त्यांना धमकी म्हणून सांगू नका, पण त्यांना ठाऊक असू दे. माझा अनुभव असा आहे की मधला माणूस आपल्या शब्दाची किंमत कळली की स्वतःच व्यापाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. नणंदेशी तुम्ही आधी बोला, पुरुषांच्या बैठकीआधी. तिला बाहेरून कळलं तर ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहणारच.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मी बोलावं का. शेण काढलं, धारा काढल्या, गाय व्यायली तेव्हा रात्री उठून बघितलं ते तुम्ही. डेअरीचं खातं तुमचं, चेकवर नाव तुमचं. कलम 138 ची तक्रार चेक ज्याच्या नावाचा असतो त्यानं करायची असते, म्हणजे इथं तुम्हीच करायची. मालकांनी ठरवलं तरी त्यांना तुमच्या जागी उभं राहता येणार नाही, फार तर तुम्ही लेखी अधिकार दिलात तर तुमच्या वतीनं. वकिलाच्या फीची काळजी करू नका : विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सांगोल्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं काम कुठं चालतं ते विचारा, किंवा आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. तिथं असंही सांगा की दावा लावण्याआधी लोकअदालतीत प्रकरण ठेवायचं आहे. व्यापारी तिथं आला आणि तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं, तिच्यावर अपील होत नाही. 85 हजारांसाठी मला हाच रस्ता आधी करून पाहण्यासारखा वाटतो.

जाताना चेक, पासबुक, डेअरीच्या पावत्या, बिल्ल्यांचे नंबर आणि तो मेसेज असलेला फोन सोबत न्या. चेकच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आधी काढून घरी ठेवा.